भिंतीलगतचं पाणी

जून झालेली भेंडी आमच्या गिरीजमध्ये कुणी विकत घेत नाही. बाजारातून परत आलेली टोपली वाडीच्या कडेला रिकामी होते आणि दोन दिवसांत तिचा चिखल होतो. म्हणून त्या ऑगस्टमध्ये रोझलिन तुस्कानो आमच्या वाडीत येऊन माझ्या भावाला म्हणाली, "आग्नेल, उरलेली सगळी भेंडी मला दे, कोवळी, जून, कसलीही," तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला.

"एवढी भेंडी? घरात तू एकटी तर आहेस."

"खायला नको रे. मला तिचा बुळबुळीत रस हवाय."

आग्नेलने टोपली तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि घरी येऊन मला सांगितलं, "तुझ्या मैत्रिणीचं काही खरं नाही."

मैत्रीण म्हणजे आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी डी.एड. करून इथल्याच हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. रोझलिन इंजिनीअरिंगला गेली आणि तिथून बंगळूरला पीएच.डी. करायला. विषय होता वाहतं पाणी. तिला विचारलं तर ती आणखी बारीक करून सांगायची, की वाहतं पाणी भिंतीला जिथं लागून जातं, तिथला नखाएवढा थर. माणूस एवढ्याशा गोष्टीवर वर्षानुवर्षं काय करतो हे मला तेव्हा कळलं नाही. जे कळलं ते पुढे, तिच्याच तोंडून, तुकड्या-तुकड्यांनी. तेच इथं सांगते आहे.

तिची आई अर्धांगाने आजारी पडली तेव्हा रोझलिन वर्षभरासाठी म्हणून परत आली. वडील आधीच गेले होते. मोठा भाऊ सॅन्टन लग्नानंतर एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहत होता. मुलं लहान, बायकोची नोकरी, त्याचं बरोबरच होतं. आई पुढे बरीच वर्षं अंथरुणावर काढून गेली. तोवर बंगळूरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती आणि रोझलिनने रेल्वेच्या पूर्वेकडच्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायला सुरुवात केली होती. लग्नाची बोलणी आली आणि गेली. कुणी मुद्दाम मोडली नाहीत. दरवेळी आईला कुणाकडे ठेवायचं यावर बोलणं अडायचं आणि मग परत कुणी फोन करायचं नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तिने विद्यार्थ्यांना हाताशी धरून पाणी सोडायला काचेचा एक लांब पाट बांधला. तळ काचेचा, बाजू काचेच्या, एका टोकाला पंप. त्या विद्यार्थ्यांत दीपेश भोईर होता, नायगावच्या खाडीकडच्या गावातला, मिठागरवाल्यांच्या घरातला. बाकीची मुलं प्रोजेक्टचे मार्क मिळेपर्यंत आली. दीपेश नंतरही येत राहिला. पाट कुठे गळतो, पंपाचा थरथराट काचेपर्यंत जाऊ नये म्हणून काय करायचं, अशा गोष्टींवर दोघं तासन्‌तास बोलायची. रोझलिनची आई गेली तेव्हा शवपेटीपुढे मेणबत्ती लावायलाही तो गावाहून आला होता. त्यानंतर वर्षभरात तो संशोधनासाठी नेदरलँड्सला गेला. तिनेच त्याला शिफारस दिली होती.

मग कॉलेजात मेकॅनिकलला मुलं येईनाशी झाली. सगळ्यांना कॉम्प्युटर हवं होतं. प्रिन्सिपॉल सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला बोलावून म्हटलं, "मॅडम, ते काचेचं लांबलचक काय आहे, ते तेवढं हलवावं लागेल."

तिने टेम्पो बोलावला आणि पाट घरी आणला.

घरामागे त्यांची केळी पिकवायची खोली होती. जाड भिंती, खिडकी नाही, खाली मातीची ठोकलेली जमीन. वडील होते तोपर्यंत तिथं केळ्यांचे लोंगर रचलेले असायचे. त्यानंतर खोली बंदच होती. रोझलिनने ती झाडून घेतली, पाट आत मांडला, एका सरकारी योजनेतून मिळालेला कॅमेरा आणि लेझर बाजूच्या तिवईवर बसवले. अंधार हवाच होता, तो तिथं आयता मिळाला.

तिने मला एकदा ते दाखवलं. कॉलेजला सुट्टी होती, मी सहज डोकावले होते. तिने दार लावलं, पंप सुरू केला, आणि हिरव्या प्रकाशाचा कागदासारखा पातळ पडदा पाण्यात उभा राहिला.

"तिकडे बघू नकोस, डोळ्यांना वाईट. इथं स्क्रीनवर बघ."

पाण्यात पिठासारखी बारीक काचेची पूड टाकलेली होती. स्क्रीनवर तिचे पांढरे ठिपके दिसत होते. वरचे ठिपके सुसाट पळत होते. खाली तळाजवळचे जेमतेम सरकत होते. मधल्या पट्ट्यात मात्र काही नेमच नव्हता. तिथं ठिपके गिरक्या घ्यायचे, उसळून वर जायचे, पुन्हा खाली आपटायचे.

"माझी भिंत म्हणजे हा तळ. त्याला अगदी चिकटलेलं पाणी हलत नाही," ती म्हणाली. "वरचं धावतंय. मधल्या ह्या दोन-चार मिलिमीटरमध्ये सगळी ओढाताण. भोवरे इथंच जन्मतात. पंप पाण्यात जी शक्ती घालतो, तिच्यातली बरीचशी इथंच संपते."

"संपते म्हणजे?"

"पाणी पाण्यावर घासतं आणि शक्तीची उष्णता होते. इतकी थोडी, की हात घातलास तरी कळणार नाही."

"मग भोवरा जिथं जोरात फिरतो, तिथं जास्त संपत असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता. "भोवऱ्याच्या पोटातलं पाणी एकमेकांना धरून गोल फिरतं, चाकासारखं. तिथं घासाघीस कमी. घासाघीस होते ती त्याच्या अंगाबाहेर, भोवरा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. आणि सर्वांत जास्त भिंतीवरच." थोडं थांबून तिने विचारलं, "तू मराठीची ना? ह्या संपण्याला काय म्हणशील? पुस्तकात ऱ्हास म्हणतात. मला ते आवडत नाही. त्यात काहीतरी वाईट झाल्यासारखं वाटतं."

मी थोडा विचार केला. "विरणं," मी म्हटलं. "आवाज विरतो तसं."

तिने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना तोच वापरायची. दुसऱ्या कुणाशी ती ह्यावर मराठीत बोलत असेल असं मला वाटत नाही.

भेंडीचं प्रकरण ह्याच्या पुढचं. पाण्यात लांब धाग्यांसारखे रेणू असलेला चिकट पदार्थ किंचित मिसळला, तर पाणी नळातून सोपं वाहतं, हे जुनंच माहीत होतं. भेंडीच्या रसाने तसं होतं हेही लोकांनी करून पाहिलं होतं. रोझलिनला बघायचं होतं ते नेमकं भिंतीपाशी काय होतं ते. भोवरे कमी होतात का, विरणं कुठं घटतं. मे महिन्यात तिने साध्या पाण्याची मापं घेतली. ती पुस्तकांतल्या मापांशी तंतोतंत जुळली. ऑगस्टमध्ये भेंडी घेतली, भिजवली, रस गाळून पाण्यात मिसळला आणि पुन्हा मापं घेतली.

ह्या वेळी भिंतीवरचं विरणं जवळजवळ नाहीसंच झालं होतं. थोडं कमी होईल अशी तिची अपेक्षा होती. इतकं कमी झालेलं तिने कुठं वाचलं नव्हतं. तिने हिशेब तपासला, पुन्हा मापं घेतली, पुन्हा तेच आलं.

तिने दीपेशला फोन केला. तो त्या वेळी आपल्या प्रबंधात अडकून पडला होता. त्याला अशा चिकट पाण्यासाठी समीकरणं मांडायची होती आणि भिंतीपाशी ती दरवेळी कोसळत होती. रोझलिनच्या आकड्यांनी त्याला वाट मिळाली. भिंतीवर विरणं नाहीच असं धरलं की त्याचं सगळं गणित उभं राहत होतं.

तिचा लेख एका चांगल्या नियतकालिकात आला. चेन्नईच्या परिषदेत तिला बोलायला बोलावलं. तिथं लोक चहाच्या वेळीही तिला सोडत नव्हते, असं तिने मला परत आल्यावर सांगितलं. सांगताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. दर रविवारी मिस्सा झाल्यावर ती चर्चच्या अंगणात रेंगाळायची नाही, भराभर घरी जायची, कारण दीपेशचा फोन यायचा. त्याचं कुठं अडलं, कुठं सुटलं. आई गेल्यानंतर तिच्या घरातून हसण्याचा आवाज मी ऐकला तो ह्याच दिवसांत.

अशी दोन वर्षं गेली. पुन्हा पावसाळा आला. कॅमेऱ्याची काच तिने बदलली होती आणि ती नीट बसली का हे बघायला तिने पाटात साधं पाणी सोडलं. नवीन काही बघायचं नव्हतं. साध्या पाण्याचं उत्तर सगळ्या जगाला माहीत होतं.

कॉम्प्युटरने विरण्याचा आलेख काढला. भिंतीकडे येता येता रेघ वर चढायला हवी होती. ती खाली वळली, भेंडीच्या पाण्यासारखी.

तिला आधी वाटलं, पाटात रस राहिला असेल. तिने पाट घासून धुतला, सगळं पाणी बदललं, नळ्या नव्या घातल्या. रेघ तशीच खाली वळली.

मग तिने एक काम केलं, जे एरवी कुणी करत नाही, कारण ते कॉम्प्युटर करतो. कॅमेऱ्याने टिपलेले फोटो ती स्वतःच्या डोळ्यांनी एकेक करून बघायला बसली. कॉलेजातून आली की खोलीत जायची आणि बघत बसायची. काही दिवसांनी तिला दिसलं की तळाजवळ पळणाऱ्या प्रत्येक ठिपक्याखाली आणखी एक ठिपका आहे, जरा फिकट, बरोबर त्याच वेगाने त्याच दिशेला जाणारा. आणि तो जिथं होता, तिथं पाणी नव्हतं. तिथं काच होती.

भिंतीच्या आत कण पळत होते.

ते प्रतिबिंब होतं. तळाच्या काचेत कणांची प्रतिबिंबं पडतात हे तिला माहीत होतं. म्हणूनच भिंतीच्या रेषेखालचं काही मोजू नकोस असं तिने कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलं होतं. पण ती रेषा आखली होती मे महिन्यात, खोलीची जमीन कोरडी असताना. गिरीजमध्ये पावसाळ्यात विहिरींचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. खोलीची मातीची जमीन त्या दिवसांत ओली होऊन फुगायची. कॅमेऱ्याची तिवई एका अंगाला किंचित उचलली जायची, दोन केसांच्या जाडीएवढी. तेवढ्याने फोटोत भिंत रेषेच्या वर सरकायची आणि प्रतिबिंबं आत शिरायची. खरा कण आणि खोटा कण दोघं एकाच वेगाने धावताना बघून कॉम्प्युटरला वाटायचं, इथं पाण्याच्या थराथरांत काही फरकच नाही, म्हणजे घासाघीस नाही, म्हणजे विरणं नाही.

भेंडीची सगळी मापं पावसाळ्यातली होती.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. मी चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. ती समोर बसली, एक उत्तरपत्रिका उचलली, वाचल्यासारखं केलं आणि ठेवून दिली. मी चहा टाकला. तिने अर्धा घेतला. मग तिने मला सगळं सांगितलं. पेन्सिल घेऊन माझ्या टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला भिंत काढली, कण काढले, खालचे कण काढले. मला समजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलं.

"मग आता?" मी विचारलं.

"लेख मागे घ्यावा लागेल."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "जगात कुणालाच नाही, मला आणि आता तुला."

"दीपेश?"

ती वर्तमानपत्राची कड खोडरबराने पुसायला लागली. छापील अक्षरंही फिकट झाली, तरी पुसत राहिली. दीपेशचा प्रबंध पूर्ण झाला होता. थोड्या महिन्यांत त्याची तोंडी परीक्षा होती.

"त्याचं होऊन जाऊ दे," मी म्हटलं. "मग सांग."

तिने खोडरबर खाली ठेवला. छत्री घेतली आणि गेली.

रविवारी त्याचा फोन यायच्या आधी तिनेच केला. तिने मला नंतर सांगितलं की तिने आधी त्याचं जेवण-खाण विचारलं आणि त्याबद्दल तिला स्वतःचा राग आला. मग तिने सांगितलं. फोटो आधीच पाठवून ठेवले होते.

त्याने ते उघडून पाहिले.

"मॅडम, तुम्ही खात्री केलीत?"

"हो."

"पावसाळा सोडून मापं घेतलीत?"

"तिवई काँक्रीटच्या ठोकळ्यावर ठेवून घेतली. रस घालून आणि न घालता. रसाने विरणं कमी होतं, पण थोडंच. तुझ्या समीकरणात जेवढं धरलंय, त्याच्या जवळपासही नाही."

"म्हणजे माझे तीन चॅप्टर गेले."

"हो."

तिने "सॉरी" म्हटलं की नाही हे तिला आठवत नव्हतं. म्हटलं असावं. तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम, बघतो," आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

लेख मागे घेतल्याची चार ओळींची सूचना त्या नियतकालिकात आली. कारण म्हणून भिंतीची जागा चुकल्याचं लिहिलं होतं, खाली तिचं एकटीचं नाव. कॉलेजात कुणी काही बोललं नाही, कारण कॉलेजात तो लेख कुणी वाचलेलाच नव्हता. सॅन्टनला तिने सांगितलं. तो म्हणाला, "अगं, चुका सगळ्यांच्या होतात," आणि नाताळला सगळ्यांनी वटार गावात मामांकडे जमायचं का ते विचारलं. तो चांगल्या मनानेच बोलला होता.

चर्चमध्ये ती आता शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद झाल्याबरोबर निघून जायची. घरी कुणाची वाट बघायची नसताना तिला कसली घाई असायची, कुणास ठाऊक. मी कधी हाक मारली तर थांबायची, बोलायची, पण बोलताना तिची नजर माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे असायची.

एक दिवस दीपेशच्या आईचा, कमळीबाईचा, तिला फोन आला. पोरगा घरी धड बोलत नाही, परीक्षा पुढे गेली म्हणतो, कारण सांगत नाही, तुम्हाला काही माहीत आहे का? रोझलिनला ते फोनवर सांगता येईना. ती त्यांच्या गावी गेली आणि मला सोबत घेऊन गेली.

खाडीच्या वाऱ्यात बसलेलं छोटं घर. वर नवीन मजला चढवलेला होता, दीपेश परत येणार म्हणून. कमळीबाईने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः उंबऱ्यात बसली.

"पानी घे, बाय. उन्हातून आलीस."

रोझलिन पाणी प्यायली आणि तिने सांगितलं. भोवरे, प्रतिबिंब काही नाही. एवढंच सांगितलं की दीपेशने माझ्या मापांवर आपल्या अभ्यासाचं घर बांधलं आणि माझी मापं चुकीची निघाली. त्याची काही चूक नाही. त्याला आता पुन्हा बांधावं लागतंय.

कमळीबाईने सगळं ऐकून घेतलं. "तू सांगितलं नसतं तं कोनाला कळलं असतं?"

"लगेच नाही. कदाचित पुढे कुणीतरी शोधून काढलं असतं. कदाचित नसतंही."

"मंग सांगितलं कशाला, बाय?"

ती रागावलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. रोझलिनने रिकामा पेला खाली ठेवला. थोड्या वेळाने कमळीबाई उठून आत गेली, आणि निघताना तिने आमच्या हातात सुक्या बोंबलांची एकेक पुडी दिली. परतताना रिक्षात रोझलिन ती पुडी मांडीवर धरून बसली होती.

त्यानंतर तिने पुन्हा काम सुरू केलं. मला वाटलं होतं ती पाट मोडून टाकेल. आग्नेल तर ती खोली भाड्याने मागायलाही गेला होता. तिने त्याला चहा दिला आणि नाही म्हणाली.

ह्या वेळी तिने सुरुवात त्या खोट्या कणांपासूनच केली. खरा कण आणि त्याचं प्रतिबिंब यांच्या बरोबर मध्यावर भिंत असते. म्हणजे अशा जोड्या घेतल्या, तर भिंत कुठे आहे हे पाणी वाहत असतानाच कळतं. जमीन फुगो नाहीतर बसो, रेषा आपोआप तिच्याबरोबर सरकते. तिने तशी रीत बसवली. ती नीट चालायला लागली तेव्हा ती मला मुद्दाम सांगायला आली, आणि महिनाभराने पुन्हा येऊन सांगितलं, की ही युक्ती बऱ्याच आधी दुसऱ्यांनी वापरलेली आहे, तिने तेवढं वाचलं नव्हतं.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं थोडं. पण त्यांचे आकडे आणि माझे जुळले."

साध्या पाण्याची रेघ आता बाराही महिने भिंतीकडे वर चढायला लागली. भेंडीच्या पाण्यात ती थोडी कमी चढायची. भोवरे अंगाने फुगलेले आणि सुस्त व्हायचे, भिंतीपासून जरा वर उचलले जायचे, आणि त्यांच्या खालच्या फटीतलं विरणं तेवढ्यापुरतं मंदावायचं. नाहीसं काही होत नव्हतं. तिने त्यावर छोटासा लेख लिहिला. तो छापून आला. कुणी बोलावलं नाही, कुणी काही विचारलं नाही. ती कॉलेजात जायची, यायची, सकाळी ओट्यावर एकटी बसून चहात बेकरीतलं कडक बटर बुडवून खायची, आणि सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत असायची. आजारी पडली तेव्हाही आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, दूधवाल्याकडून.

दीपेश आला तो त्या फोननंतर जवळजवळ दोन वर्षांनी. कळवून आला नव्हता. दुपारची वेळ होती, मी तिच्याकडे फणसाचे गरे द्यायला गेले होते. फाटक वाजलं आणि तो उभा. अंगाने भरला होता, दाढी ठेवली होती. रोझलिन ओट्यावरून उठली आणि तशीच उभी राहिली.

"या मॅडम," तो म्हणाला, जणू घर त्याचंच होतं, आणि मग त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटलं.

प्रबंध झाला होता. तीन प्रकरणं काढून टाकून नवीन लिहिली होती. त्यात वर्ष गेलं, शिष्यवृत्ती संपली, शेवटचे महिने त्याने एका गोदामात काम करून काढले. तिथंच एका विद्यापीठात आता त्याला शिकवायचं काम मिळालं होतं. हे सगळं त्याने गऱ्यातली आठळी काढत सांगितलं. मी उठायला लागले, तर रोझलिन म्हणाली, "बस गो." म्हणून मी बसले.

मग तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही सहा महिने थांबला असतात, तर माझी परीक्षा झाली असती. नंतर मीच दुरुस्ती छापली असती. कुणाचंच काही बिघडलं नसतं."

"थांबता आलं असतं," रोझलिन म्हणाली.

"मग?"

"दर रविवारी तुझा फोन यायचा, दीपेश. तू मला भिंतीपाशी काय झालं ते सांगायचास. सहा महिने मी ते ऐकून बरं बरं म्हणायचं, आणि मला एकटीला माहीत असायचं. ते रविवार मी कसे काढले असते, ते मला कळेना."

तो हातातल्या आठळीकडे बघत राहिला.

"मी तुझ्या भल्याचा विचार केला असं मी म्हणणार नाही," ती पुढे म्हणाली. "तेवढा विचार मी केलाच नाही. मला ते एकटीने धरून ठेवणं जमलं नाही, एवढंच."

शेजारच्या वाडीतला पंप चालू होता. मग दीपेश म्हणाला, "मला राग होता. अजून थोडा आहे."

"असू दे," ती म्हणाली.

त्याने पाट बघायला मागितला. दोघं खोलीत गेली. मी भांडी उचलून आत ठेवली आणि घरी आले. तो संध्याकाळी गेला हे मला आग्नेलने सांगितलं. रिक्षा मिळेपर्यंत ती त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत गेली होती.

आता तो फोन करतो, पण नेम नाही. कधी दोन महिने जातात. पूर्वीसारखं अडलं-सुटलं सांगत नाही, कामापुरतं बोलतो. गेल्या वर्षी त्याने तिच्याकडे ते जुने फोटो मागितले, पावसाळ्यातले, चुकीचे. नवीन विद्यार्थ्यांना तो पहिल्याच आठवड्यात ते देतो आणि ह्यात काय चुकलंय ते शोधा म्हणून सांगतो. काही मुलांना लवकर सापडतं, काहींना अजिबात नाही.

"फोटो कुणाचे म्हणून सांगतो?" मी तिला विचारलं.

"माझे. नाव, गाव सगळं सांगतो म्हणे. गिरीजचा उच्चार त्या मुलांना येत नाही."

ती हे सांगताना त्या खोलीच्या दाराच्या कडीला तेल लावत होती. त्या मुलांपैकी एकालाही तिने पाहिलेलं नाही, आणि पाहायची शक्यताही नाही. मी तिला म्हटलं, त्यांना एकदा व्हिडिओवर दिसलीस तर बरं वाटेल त्यांना. ती म्हणाली, बघू. कडी दोन-तीनदा पुढे-मागे करून तिने ती सैल झाल्याची खात्री केली आणि तेलाची बाटली घेऊन आत गेली.